सरावात घोटा पकड दहापैकी दहा, सामन्यात कॉर्नर आधीच उडी मारते. सरावात काय बदलू?

ऐरोली_मैदान

नमस्कार मंडळी. ऐरोलीत १४ ते १६ वयाच्या १५ मुलींचा कबड्डीचा सराव घेतो. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ७:३०, मातीवर. शनिवारी एका हॉलमधली मॅट मिळते.

घोटा पकडीचा सराव असा चालतो: मुली रांगेत, एक चढाईला. मी शिट्टी वाजवली की चढाईवाली उजवा पाय लांबवते, लेफ्ट कॉर्नर (बचावात डाव्या टोकाला उभी असणारी) घोटा धरते, पुढची ये. प्रत्येकीच्या रोज १० पकडी. आता जवळजवळ सगळ्यांना दहाच्या दहा येतात. पण सराव सामना लावला की तीच कॉर्नर पाय यायच्या आधीच झेपावते, चढाईवाली हात लावून मध्यरेषेपलीकडे पसार. चढाईवाल्यांचंही तसंच. निदान रेषा (दर चढाईत ओलांडायलाच लागते ती) ओलांडतात, दोन फेऱ्या मारतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. मी बाहेरून सतत ओरडत असतो, सातपर्यंत घसा बसतो, फरक शून्य.

किती वेळा करून घ्यायचं, कशात बदल करायचा, आणि बोलायचं किती? नेमकं सांगा. ‘मेहनत घ्या’ हे माहीत आहे.

कळव्याचा_कोपरा

दहापैकी दहा येतायत, म्हणजे सराव सोपा झालाय. तुमच्या मुली घोटा पकड शिकल्यात, पण कुठल्या इशाऱ्यावर? शिट्टीच्या. पाय कधी येणार, कुठला येणार, कुठे येणार, तिन्ही गोष्टी त्यांना आधीच ठाऊक असतात. सामन्यात शिट्टी नाही. मग कॉर्नर दुसरी शिट्टी शोधते: चढाईवालीने हात झटकला, खांदा हलवला, की सुटली. चढाईवालीला तेच हवं असतं.

आधी नजर ठरवा. हात आणि खांदे फसवायलाच असतात, त्यामुळे कॉर्नरने कंबर बघायची. पाय लांबवायचा तर चढाईवालीला आधी सगळं वजन मागच्या पायावर घ्यावं लागतं, मागचा गुडघा वाकतो, कंबर बसते. हे झाल्याशिवाय पाय लांब जातच नाही. हुलकावणीत पाय हलतो, पण कंबर बसत नाही. आणि हात घालायचा तो पाय पूर्ण लांबून परत फिरायच्या बेतात असताना. त्या क्षणी पाऊल जवळपास थांबलेलं असतं आणि बाई एका पायावर उभी असते. पाय पुढे येत असताना हात घातला तर पाऊल हाताला लागून निसटतं, वर स्पर्शाचा गुण जातो.

आता सराव. १५ जणी आहेत तर पाच-पाचचे तीन गट करा. महिला-कुमारी मापाचं मैदान १२ × ८ मीटर, दोन्ही बाजूंची १-१ मीटरची राखीव क्षेत्रं सोडली की खेळायला रुंदी ६ मीटर उरते. प्रत्येक अंगण मधून चुन्याने उभं विभागा, ३-३ मीटरच्या चार पट्ट्या मिळतील. तीन वापरा. (पाण्याच्या बाटल्या चौथीत, नाहीतर त्या पायाखाली येतातच.)

एका पट्टीत तिघी बचावाला: कॉर्नर, तिच्या शेजारची इन, आणि इनच्या शेजारची कव्हर. एक चढाईला. पाचवी अंतिम रेषेमागे, बचाववाल्यांच्या पाठीशी उभी राहते आणि बोटांनी खूण करते. ती खूण फक्त चढाईवालीला दिसते.

एक बोट: कॉर्नरला पंजाने स्पर्श.
दोन बोटं: कव्हरला हाताने स्पर्श.
तीन बोटं: बोनसची (बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकून मिळणाऱ्या जादा गुणाची) नुसती हूल देऊन माघारी.

चढाई २० सेकंदांची. सहा चढाया झाल्या की जागा बदला. खुणांना ठरलेला क्रम नको, लागोपाठ दोनदा एकच बोट आलं तरी चालेल. गुण असे द्या: पकड झाली २, चढाई रिकामी परत गेली १, आणि पाय लांबायच्या आधीच कॉर्नर झेपावली तर पकड होऊनही वजा १. ही शेवटची अट कडक वाटेल. पण घाईने झालेल्या पकडीला टाळी मिळाली तर मुलगी तेच पाठ करते.

एक सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी दहाची चार होतील. पालक कट्ट्यावर बसलेले असतील तर त्यांना आधीच कल्पना द्या. दहात तीनच्याही खाली गेलं तर तीन बोटांची खूण काढून टाका, दोनच पर्याय ठेवा. सहा-सातवर स्थिरावलं की हूल परत आणा. आठच्या वर गेलं की पट्टी रुंद करा, नाहीतर दुसरी चढाईवाली द्या. सतत थोडं अवघड राहिलं पाहिजे.

नेरुळ_क्रीडाशास्त्र

वरच्या दादांनी सांगितलेल्या गोष्टीवर बराच अभ्यास झालेला आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाला एकेक हालचाल सलग, दुसऱ्याला तिन्ही मिसळून. शिकताना सलग करणारे पुढे होते. पण १० मिनिटांनी आणि परत १० दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून करणाऱ्यांना जास्त चांगलं जमत होतं. पुढे १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस घेऊन हेच केलं. कलही तसाच निघाला. कारण साधं आहे: सलग करताना डोकं मागची कृती पुन्हा वापरतं, मिसळून करताना दर वेळी ‘आता काय?’ हे नव्याने ठरवावं लागतं. सामन्यात लागतं ते हेच ठरवणं. मात्र अगदी नवख्या आणि लहान मुलांमध्ये हा फरक इतका ठळक दिसत नाही, त्यामुळे कालच आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी तीन बोटं दाखवू नका.

यातून तुमच्या वहीसाठी एक नियम निघतो. सरावाच्या शेवटी मोजलेल्या दहापैकी दहाला अर्थ नाही, कारण अर्धा तास तेच केलेलं असतं. मोजायचं सुरुवातीला: अंग गरम झालं की लगेच, कुणाला काही न सांगता, न दाखवता, प्रत्येकीला पाच चढायांसमोर उभं करा आणि आकडा लिहा. परवा शिकवलेलं आज किती उरलं, ते तो आकडा सांगतो. आठवड्यातून दोनदा पुरे, सोमवार आणि गुरुवार.

आता ओरडण्याबद्दल. १९९० मध्ये विन्स्टाइन आणि श्मिट यांनी दाखवलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्यांपेक्षा साधारण निम्म्या प्रयत्नांनंतरच सांगितलेल्यांना ते कौशल्य नंतर चांगलं टिकलं. दर वेळी बाहेरून सांगितलं की स्वतःला काय जाणवलं हे तपासायची सवयच लागत नाही. सामन्यात तुमचा आवाज पोचत नाही, मग मुलीकडे काही उरत नाही. म्हणून:

चढाई चालू असताना एक शब्दही नाही. तेवढ्या वेळात बचाववाल्यांना एकमेकींचा आवाज ऐकू आला पाहिजे. इन ‘थांब, थांब’ म्हणतेय आणि बाहेरून तुम्ही ‘पकड, पकड’ म्हणताय, तर साखळी (हात धरून उभ्या बचाववाल्या) तिथेच तुटते.

तीन चढायांनंतर एकदा थांबवा. आधी विचारा: ‘कंबर बसली होती का?’ तिचं उत्तर ऐका, मग एकच गोष्ट सांगा. दोन सांगितल्या तर दोन्ही जातात.

आणि काय सांगता तेही बघा. ‘गुडघा वाकव, कोपर आत घे, पाठ खाली’ असं म्हटलं की मुलगी स्वतःच्या अंगाकडे बघत बसते आणि हालचाल आखडते. गॅब्रिएल वुल्फ यांचं यावर बरंच काम आहे: लक्ष शरीराच्या भागावर न ठेवता हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल मोकळी होते. मैदानाच्या भाषेत ‘कोपर आत घे’च्या जागी ‘तिची टाच तुझ्या पोटाशी आण’. ‘खाली वाक’च्या जागी ‘तिच्या बुटाची नाडी बघ’. मातीवर अनवाणी खेळत असाल तर पैंजणाची जागा.

फिजिओ_ठाणे_पश्चिम

वरचं सगळं मान्य, पण अट एकच. पकडीचं हाताचं वळण सुरक्षित बसल्याशिवाय मिसळून सराव चालू करू नका. गोंधळात चुकीचं डोकं घालणारी मुलगी दुखापत घेऊनच बाहेर येते. ‘सलग सराव वाईट’ असा अर्थ काढू नये. सुरुवातीचे दोन-तीन दिवस तोच हवा.

चढत्या पायऱ्या अशा: जोडीदारीण नुसती उभी, कॉर्नर बसक्या अवस्थेतून घोटा धरते, ८ वेळा. मग जोडीदारीण पाय हळू मागे ओढते, ८ वेळा. मग चालत येऊन पाय टाकते. मग निम्म्या वेगाने. चारही पायऱ्यांवर डोकं आणि हात नीट दिसले तरच खुणांचा खेळ.

हात: एक पंजा टाचेमागून, दुसरा पावलावरून, आणि लगेच स्वतःकडे ओढ. अंगठा बोटांना लागून ठेवायचा, बाहेर सुटा राहिला की तोच मुरगळतो. डोकं नडगीच्या बाहेरच्या बाजूला. गुडघ्यासमोर आलं की नाक आणि दात जातात, कारण चढाईवाली सुटायला गुडघा वर झटकणारच. मान खाली घालून, डोळे मिटून झेपावणाऱ्या मुली दर गटात दोन-तीन असतात. त्यांना पहिल्या दोन पायऱ्यांवर आणखी एक दिवस ठेवा. साखळीत हात धरताना बोटांत बोटं गुंफायची नाहीत. ओढ बसली की ती सुटत नाहीत आणि मोडतात. तळव्याला तळवा किंवा मनगट.

तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, केस किंवा कपडे धरणं हे नियमात बसत नाही. सरावात ‘चालतंय’ म्हणून सोडलं की जिल्ह्याच्या स्पर्धेत पंच सोडत नाहीत.

पूर्ण ताकदीच्या पकडी एकीला दिवसाला १५–२० पेक्षा जास्त नकोत. बाकी सगळं निम्म्या ताकदीने, ‘धरलं’ म्हणून सोडून द्यायचं. दमल्यावर पकड सैल होते आणि डोकी खाली जातात, म्हणून हा भाग सरावाच्या पहिल्या ४० मिनिटांतच उरका. वजनात फार फरक असलेल्या जोड्या लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत दर १५–२० मिनिटांनी पाणी, तहान लागायची वाट न बघता. नखं, कानातले, बांगड्या, क्लिपा बाहेर. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद, ती ‘काही नाही सर’ म्हणाली तरी. चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर सरळ डॉक्टर.

ऐरोली_मैदान

सगळ्यांचे आभार. खुणांचा खेळ आठवडाभर लावला. पहिल्या दिवशी दहात साडेतीन-चार, या सोमवारी सुरुवातीच्या मोजणीत दहाच्या हिशेबात पाचाच्या पुढे. वजा १ वरून भांडणं झाली, पण कॉर्नर आता थांबतात. चढाईवाल्यांचं काय करू? पायाचं काम, वळणं, बॅक किक, सगळं सुटं सुटं येतं. आत गेल्यावर मात्र काही सुचत नाही. आणि बोनसचा पाय दर वेळी पंच नाकारतात, मला बाहेरून कळत नाही का.

घणसोली_चढाई

बोनसचं आधी, ते सोपं आहे. महिला मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटर, तिथून पुढे १ मीटरवर बोनस रेषा. पुढचं पाऊल बोनस रेषेच्या पलीकडे टेकताना मागचं पाऊल हवेत हवं. रेषेवर टेकलेलं पाऊल चालत नाही. मुली बहुतेक वेळा मागच्या पायाचा अंगठा ओढतात. त्यांना वाटतं पाय उचलला, अंगठा मात्र जमिनीला लागलेला असतो. बाहेरून डोळ्याला ते दिसत नाही.

मातीवर खेळता ते इथे कामाला येतं. बोनस रेषेच्या अलीकडचा हातभर रुंद पट्टा ओला करा आणि फळीने सपाट फिरवा. एकेकीने पळत येऊन बोनस घ्यायचा आणि परत जायचं. अंगठा ओढला तर चिखलात रेघ उमटते, उचलला असेल तर पट्टा स्वच्छ. तुम्ही काही बोलायचंच नाही, मुलगी वळून स्वतः बघते. पाच जणींनंतर पट्टा पुन्हा फिरवा. मॅटवर हा उपाय नाही, तिथे एकीने बाजूला पालथं पडून मोबाइलवर संथ गतीत चित्रण करायचं, कॅमेरा जमिनीच्या उंचीला.

रेघ येण्याचं कारण बहुतेक वेळा शेवटचं पाऊल जास्त लांब पडणं. दूरवरून ताणून पाय टाकला की मागचा पाय उचलायला तोलच राहत नाही. शेवटच्या आधीचं पाऊल निदान रेषेच्या पुढे अर्ध्या मीटरवर पडलं तर बोनस सहज बसतो आणि परत फिरतानाही पाय खाली असतो.

आता ‘आत गेल्यावर सुचत नाही’. सुचायचं बाहेर असतं. मध्यरेषा ओलांडायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: समोर किती जणी, आपल्याला काय हवंय, आणि कुठल्या बाजूने. मोजणी मोठ्याने करायला लावा. समोर ७, ६, ५, ४, ३ अशा कमी-जास्त मुली उभ्या करा, दर चढाईला आकडा बदला, आणि चढाईवालीने दम सुरू करण्याआधी आकडा ओरडून सांगायचा. ‘पाच!’ पाच म्हणजे बोनस नाही, कारण बोनसला समोर किमान सहा लागतात. पाच असताना बोनसकडे धावली तर चढाई तिथेच रद्द, परत फिर. ‘तीन!’ म्हणजे पकडली गेलीस तर अव्वल पकड, समोरच्यांना एकाऐवजी दोन गुण, मग उगाच खोलात कशाला जायचं. चार दिवसांत मोजणी सवयीची होते.

मग चिठ्ठ्या. १०–१२ कागदांवर प्रसंग लिहा आणि डब्यात टाका: ‘२४–२६, दोन मिनिटं बाकी, समोर ५.’ ‘तिसरी चढाई, समोर ४.’ ‘आपण ५ ने पुढे, एक मिनिट, समोर ७.’ चढाईवाली चिठ्ठी उचलते, मोठ्याने वाचते, जाते. शेवटच्या चिठ्ठीत रिकामी चढाईसुद्धा बरोबर आहे, ३० सेकंद खाऊन सुखरूप परत आली की गुण द्या. तिसऱ्या चढाईचा नियम लावतात त्या स्पर्धांत दोन रिकाम्या चढायांनंतरच्या चढाईत गुण आणायलाच हवा, नाहीतर ती बाद. तिथे रिकामी परतणारीला शून्य. ‘रिकामी येऊ नकोस’ असं सरसकट ओरडण्यापेक्षा कधी रिकामी चालते हे तिला कळलं की पाय मोकळे होतात.

आणखी दोन ठिकाणी गुण फुकट जातात. एक, दम. मध्यरेषा ओलांडायच्या आधी ‘कबड्डी’ सुरू हवं, स्पष्ट आणि पंचांना ऐकू जाईल असं. उशिरा घेतला तर चढाई जाते आणि समोरच्याला तांत्रिक गुण. मुली पायाच्या कामाचा सराव मुक्याने करतात, तिथेच सवय बिघडते. पायाचं प्रत्येक काम दमासकट करायला लावा, वॉर्मअपमधलंही. दुसरं, राखीव क्षेत्र. स्पर्श होईपर्यंत त्यात पाय गेला की चढाईवाली बाद, स्पर्श झाल्यावर तेच तिचं पळायचं दार. सरावाच्या पट्ट्यांत हे क्षेत्र नसतंच, म्हणून शनिवारी पूर्ण मैदानावर मुद्दाम खेळवा: कडेने कॉर्नरला स्पर्श, लगेच राखीव क्षेत्रातून तिरकं मध्यरेषेकडे. परत फिरताना पाठ पूर्ण दाखवली की मागून मांडी नाहीतर कंबर धरली जाते. खांदा वळलेला आणि नजर बचाववाल्यांवर ठेवूनच मागे यायचं.

बॅक किक वगैरे महिनाभर बाजूला ठेवा असं माझं मत. पंजाचा स्पर्श, धावता हात आणि बोनस, तीनच हत्यारं, पण कधी कुठलं ते कळलेलं. या वयाला तेवढं पुष्कळ आहे.

कळव्याचा_कोपरा

बॅक किकबद्दल पटत नाही. ती आत्ता ठेवली नाही तर कॉर्नरला मागून येणाऱ्या पायाची सवय लागणार नाही. चिठ्ठ्यांत एखादी टाका की. बाकी बरोबर.

९० मिनिटांची वाटणी विचाराल म्हणून: १२ मिनिटं अंग गरम करणं, दमासकट. ८ मिनिटं न बोलता मोजणी (सोम-गुरु, बाकी दिवशी पडायची आणि लोळण घ्यायची तयारी). २० मिनिटं पट्ट्यांतला खुणांचा खेळ. २० मिनिटं चिठ्ठ्या किंवा बोनसचा ओला पट्टा. २० मिनिटं सात-सातचा सामना, पंधरावी पंच. उरलेलं पाणी आणि ताण सोडणं. पंच व्हायची पाळी प्रत्येकीला द्या. अंगठ्याची रेघ दुसरीची बघितली की स्वतःची कळते.

ऐरोली_मैदान

जूनपासून माती बंद, पाऊस थांबेपर्यंत मॅट आणि तीही आठवड्यातून दोनच दिवस. बाकीचे दिवस काय?

कळव्याचा_कोपरा

पार्किंगची कोरडी जागा बघा, पण तिथे पकड अजिबात नाही, सिमेंटवर पडलं की मनगट जातं. खुणांचा खेळ पकडीशिवाय चालतो: कॉर्नरने योग्य क्षणी घोट्याला दोन्ही पंजे नुसते लावायचे. क्षण ओळखायचा सराव तेवढ्यानेही होतो. मोजणी आणि चिठ्ठ्याही तिथेच. मॅटचे दोन दिवस मग पूर्ण पकडी आणि सामन्यालाच ठेवा.

मॅटवर बूट हवेत आणि ते रस्त्यावर घालायचे नाहीत, तळव्याला लागलेली वाळू मॅटवर घसरते. पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी दोघींनी कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, आधी दोन्ही कोपरे, कारण सगळ्यात जास्त लोळणं तिथेच होतं.